दोन पावसाळे कोल्हापूर समुद्रात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. सलग दोन पावसाळे मी कोल्हापूर अरबी समुद्रात बुडवून ठेवलं होतं. पंचगंगा, तालमी, मिसळीची दुकानं, सगळं पाण्याखाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. कोल्हापूरकरांच्या तर नाहीच, नाहीतर हे लिहायला मी शिल्लक राहिलो नसतो.

बुडवलं ते नकाशावर, हे खरं. पण त्यापायी तळेगावच्या एका माणसाचं जे झालं ते काही नकाशावर झालं नाही. म्हणून लिहितो.

मी मूळचा प्रेस शॉपचा माणूस. चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे, त्यात माझी एकवीस वर्षं गेली. त्या धंद्यात एक जादू असते, तिला शिम म्हणतात. साचा मशिनवर नीट बसत नसला, एका बाजूनं केसभर उचललेला राहिला, की खाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवायची. बसला साचा. का बसत नव्हता, हे विचारायचं नाही. मग पहिला पीस काढायचा, एका ठिकाणी माप लावायचं, जुळलं की त्यावर खडूनं ‘ओके’ लिहायचं आणि शिफ्ट सुरू. पुढचे हजार पीस त्या एका खडूच्या भरवशावर. माझ्या शिमा इतक्या बेमालूम असत की एक साचा भंगारात गेला तेव्हा त्याच्याखाली माझ्या सात पट्ट्या निघाल्या. सुपरवायझर म्हणाला, “राव, हा साचा आहे का पापडाचा डबा?”

पुढे कारखान्यानं आमच्यासारख्या जुन्यांना गोड बोलून घरी पाठवलं. मी कॉम्प्युटर शिकलो आणि निगडी प्राधिकरणातल्या एका छोट्या ऑफिसात चिकटलो. तिथे आम्ही तिघं. मालक, गावातल्या जुन्या घराण्यातला, शिकलेला इंजिनियर, पण घाम फुटला की भाषा थेट मावळात जायची. ग्राहकांचे फोन घेणाऱ्या एक ताई, ज्यांच्या जिभेला मालकही भ्यायचा. आणि मी.

काम असं होतं. मोठ्या संस्था अख्ख्या मुलखावर एक जाळं टाकतात आणि जाळ्याच्या प्रत्येक चौकटीत पाऊस किती, तापमान किती, असे आकडे भरतात. रोज अशी फाइल निघते. आम्ही ती उतरवून घ्यायची, आपल्या भागाचा तुकडा कापायचा, त्यावर गावांची नावं टाकायची आणि रंगीत नकाशा ग्राहकाला धाडायचा. चाकणच्या ज्या कंपन्यांचा माल उघड्या यार्डात पडून असतो त्या घ्यायच्या, आणि तळेगावकडचे गुलाबाच्या पॉलीहाऊसवाले घ्यायचे.

एका मे महिन्यात मालकानं फाइलींचा पुरवठा बदलला. नवी फाइल जास्त बारीक चौकटींची होती. मी ती उघडली, नकाशा काढला आणि मालकाला हाक मारली. आमचं पिंपरी-चिंचवड आफ्रिकेच्या पलीकडे भर समुद्रात तरंगत होतं.

मालक खुर्ची ओढून बसला. “आवं, ह्ये काय? निगडी पाण्यात व्हय?”

“चाकणपण,” मी म्हटलं.

ताई मागून म्हणाल्या, “बरं झालं. ट्रॅफिक तरी सुटलं.”

आता यात काय झालं होतं ते मला आज ठाऊक आहे. सपाट पत्र्यातून वाटी दाबून काढा, काठाला सुरकुती येतेच. गोल पृथ्वी सपाट करतानाही तेच होतं. नकाशावाले ती सुरकुती कुठे लपवायची ते ठरवतात आणि त्यासाठी तऱ्हेतऱ्हेच्या युक्त्या करतात. या फाइलवाल्यांनी तर चौकटी सगळीकडे सारख्या मापाच्या याव्यात म्हणून उत्तर ध्रुवच उचलून दुसऱ्या जागी ठेवला होता. रीतसर पद्धत आहे ही, वेडेपणा नव्हे. ध्रुव कुठे ठेवलाय तेही फाइलीच्या सुरुवातीला त्यांनी सरळ लिहिलं होतं. मी सुरुवात वाचली नाही. मशिनचं पुस्तक वाचणारा फिटर तुम्ही पाहिलाय कधी?

दोन दिवस मी झटापट केली. तिसऱ्या दिवशी हात आपोआप जुन्या जागी गेला. फाइलीबरोबर आलेल्या पत्रात नमुना म्हणून निगडीची चौकट कोणती, एवढं दिलेलं होतं. ती चौकट समुद्रात जिथे दिसत होती तिथून खऱ्या निगडीपर्यंत किती अंतर, ते मी मोजलं, आणि तेवढंच सगळ्या नकाशाला मिळवून टाकलं. दोन आकडे, एक आडवा, एक उभा. अख्खा मुलूख आफ्रिकेपासून ओढत आणला आणि निगडीवर टेकवला. शिम घातली, झालं.

मग पहिला पीस. आमच्या ऑफिसच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक होता. जूनमध्ये त्यातला पाऊस आणि नकाशातला निगडीचा पाऊस ताडून पाहिला. असा जुळला की मी मनातल्या मनात खडू काढला.

मालकानं विचारलं, “काय चूक व्हती मग?”

“किरकोळ,” मी म्हटलं. “बसवलं.”

भिंतीवर फोटोला मधोमध एकच खिळा ठोकला तर काय होतं? खिळ्यापाशी फोटो अगदी जागच्या जागी असतो, कोपरे मात्र खालीवर. ध्रुव हलवलेल्या त्या जाळ्याच्या चौकटी आमच्या भागात चांगल्याच तिरक्या होत्या. मी जाळं नुसतं सरकवलं, फिरवलं नाही. माझा खिळा निगडीत होता. निगडीत सगळं ठाकठीक, आणि जितकं लांब जाल तितकं वाकडं. तळेगावच्या नावाखाली मी चाकण रस्त्यावरच्या गावांचा पाऊस छापत होतो. रंगीत चौकटींवर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे डोळ्यांना काहीच खुपत नव्हतं. आणि आमच्या या पट्ट्यात पावसाचं असं आहे की घाटाकडून चार-आठ किलोमीटर इकडे सरका, पाऊस निम्मा होतो.

आता तो माणूस. तळेगाव दाभाड्याच्या पुढे एका गुलाबाच्या पॉलीहाऊसवर तो राखणदार होता. लातूरकडून आलेला, साठीला टेकलेला. आम्ही त्याला मामा म्हणायचो. तिथल्या आवारात आमचा दुसरा पर्जन्यमापक होता आणि तो मोजायचं काम मामाकडे. सकाळी साडेआठच्या ठोक्याला डबा उघडायचा, पाणी काचेच्या मोजनळीत ओतायचं, रेघ वाचायची, वहीत लिहायचं आणि वहीचा फोटो मला पाठवायचा. बदल्यात आम्ही त्याच्या फोनचा रिचार्ज मारायचो. कधी फोटोबरोबर आवाजही यायचा. “सर, पडलालाय, लईच पडलालाय. नळी दोनदा भरून वतली.” पाऊस नसला तरी वहीत शून्य लिहून फोटो. एकदा ताप असताना मेव्हण्याच्या खांद्यावर हात टाकून आला आणि शून्य लिहून गेला. मी म्हटलं, “मामा, शून्यासाठी कशाला उठलात?” तर म्हणाला, “शून्य हाय हे बगायला नको का?”

पहिल्या पावसाळ्यात त्याचे आकडे माझ्या नकाशाहून जरा जास्त येत. मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या वर्षी आषाढात तर फरक डोळ्यांवर यायला लागला. नकाशा म्हणायचा भुरभुर, मामा म्हणायचा धो धो. गुलाबवाल्यांनी नकाशा बघून पडदे उघडे ठेवले आणि कळ्या भिजल्या. त्यांनी मालकाला फोनवर झाडलं. नकाशा एक सांगतो, तुमचाच मोजणारा दुसरं सांगतो, दोघांतलं कोण खोटं ते कळवा.

मालकानं मामाला निगडीला बोलावलं. तो लोकलनं आकुर्डीला उतरून चालत आला. काखेत वही, हातात टॉवेलात गुंडाळलेली मोजनळी.

“बसा मामा, चहा घ्या,” मालक म्हणाला. “आन मंग खरं सांगा. रोज उठून मोजता का अंथरुणातनंच अंदाज टाकता?”

“अंदाज कशाला टाकू साहेब? नळीवर रेघा हायत की. पाणी ज्या रेघंवर बसतंय ती लिवतो.”

ताई म्हणाल्या, “मामा, तुमच्याकडे पाण्याला टँकरची वाट बघायची सवय. इथला पाऊस जरा जास्तच वाटत असेल.”

“ते तर हायच!” मालक मांडीवर थाप मारून म्हणाला. “दुष्काळातला माणूस, थेंब दिसला की तांब्या लिवतो!”

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. अपराधी माणसाला हसताना आवाज किती काढावा कळत नाही. मामाही थोडा हसला. मग त्यानं टॉवेल सोडला, नळी टेबलावर उभी केली आणि म्हणाला, “वता पाणी. मी वाचून दावतो.”

ताईंनी बाटलीतून पाणी ओतलं. मामानं गुडघ्यावर बसून नळीच्या रेघेला डोळा लावला, आकडा सांगितला. मी पाहिलं, बरोबर. पुन्हा ओतलं, पुन्हा बरोबर. ताईंनी मुद्दाम दोन रेघांच्या मधोमध पाणी ठेवलं. मामा म्हणाला, “आर्धी रेघ. तुमी मला गंडवलालाव ताई.” ताईंचं तोंड जरा पडलं.

“हितं बरोबर वाचता,” मालक म्हणाला. “तिथं कोण बघाया बसलंय?”

मामा माझ्याकडे वळला. “सर, एकदा तुमचा नकाशा बी बगा की.”

या जागी मी खरं बोलू शकत होतो. मला चूक नेमकी माहीत नव्हती, पण ती दोन आकड्यांची शिम माहीत होती, आणि साचा का बसत नव्हता हे मी कधी शोधलं नाही हेही माहीत होतं. मी म्हटलं, “निगडीला तंतोतंत जुळतोय, मामा.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच तो इतका सहज तोंडातून गेला.

मामानं नळीतलं पाणी खिडकीबाहेर ओतलं, नळी पुसली, टॉवेलात गुंडाळली. “मग बरोबरच आसंल,” तो म्हणाला. “सर म्हणल्यावर.”

त्याच्याकडून मोजणं काढून घेतलं. मालकानं आपोआप मोजणारं यंत्र मागवलं, सौर पाटीचं, फोनला आकडे पाठवणारं. ते यायला पुढचा उन्हाळा लागणार होता. तोवर तळेगावला कुणीच मोजत नव्हतं आणि माझा नकाशा बिनविरोध निवडून आला होता.

दिवाळी झाली. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीवाल्यानं विचारणा केली, तिकडचा नकाशा मिळेल का. आम्ही आजवर तळेगाव-निगडी-चाकण एवढाच तुकडा कापत आलो होतो. मी पहिल्यांदाच पूर्ण फाइल मांडली. त्या फाइलीत पावसाबरोबर आणखी एक थर होता, ही चौकट जमिनीची का समुद्राची, एवढंच सांगणारा. म्हटलं, तोही रंगवू, ग्राहक खूश होईल. जमीन हिरवी, समुद्र निळा.

कोल्हापूर निळं आलं.

मला वाटलं रंग उलटे लागले. तपासलं. पुणे हिरवं, सातारा हिरवा, कोल्हापूर निळं. आणि तिकडे उत्तर कोकणापुढे, जिथे खरा समुद्र, तिथे मैलोन्‌मैल हिरवीगार जमीन. सगळा कोकणकिनारा कुणीतरी निगडीला खिळा ठोकून गरकन फिरवल्यासारखा. तो कुणीतरी कोण, हे विचारायची गरज नव्हती. मी हळूच खिडकीचं दार लावलं, जणू समुद्राचा वास ताईंपर्यंत जाईल.

“काय हो, घाम का फुटलाय?” ताईंनी विचारलंच.

“काही नाही. कोल्हापूरला दमट हवा दाखवतोय.”

त्या दिवशी मी फाइलीची सुरुवात वाचली. सगळं होतं तिथे. ध्रुव कुठे हलवलाय, चौकटी खऱ्या जागी कशा फिरवून आणायच्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम झालं. माझे दोन आकडे काढून टाकले. निगडी निगडीत, कोल्हापूर कोरड्या जमिनीवर, समुद्र आपल्या जागी. चाळीस मिनिटांचं काम, जे मी दोन पावसाळे केलं नव्हतं.

मग मी मागच्या दोन पावसाळ्यांचे सगळे नकाशे पुन्हा काढले आणि फोनमधले मामाच्या वहीचे फोटो एकेक उघडत गेलो. ओली बोटं लागून फुगलेली पानं, वाकडे पण ठळक आकडे. माझा नवा नकाशा आणि ती वही एकमेकांना धरून चालत होते. ज्या दिवशी मामानं “नळी दोनदा भरली” म्हटलं होतं त्या दिवशी नकाशातही तळेगाव गर्द जांभळं. आणि जिथे त्यानं शून्य लिहिलं, तिथे शून्य.

मी काय केलं? जुने नकाशे पुसून त्या जागी नवे ठेवले, गुपचूप. मालकाला सांगितलं, “किरकोळ सुधारणा केलीय.” तो म्हणाला, “बरं.” कोल्हापूर वाचलं, याबद्दल कुणी पेढेसुद्धा वाटले नाहीत.

जूनमध्ये तळेगावला यंत्र बसलं. पहिल्याच मोठ्या पावसात यंत्राचा आकडा आणि नकाशाचा आकडा असे जुळले की मालक ऑफिसात नाचायचाच राहिला. “बघा! माणूस काढला आन आकडं जुळलं! म्या म्हणत न्हवतो?” त्यानं गुलाबवाल्यांनाही फोन लावून हेच सांगितलं, आणि वर माझं कौतुक केलं. ताईंनी सामोसे मागवले. मी दोन खाल्ले. खरं सांगायचं तर तीन.

पुढच्या आठवड्यात मी दुचाकी काढून तळेगावला गेलो. सांगायचं ठरवूनच. मामा फाटकापाशी खुर्ची टाकून बसला होता, डोळ्यांवर नवा कोरा चष्मा. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली.

“चष्मा कधी लागला, मामा?”

“लागला कुठं? मीच लावून घेतला,” तो म्हणाला. “तुमच्याकडून आलो आन डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. म्हणलं, सर म्हणलालेत नकाशा बरोबर, मग माझं डोळं गेलं आसतील. डॉक्टर म्हणला, नंबर किरकोळ, डोळं ठणठणीत. मग म्हणलं हात हालत आसंल.” त्यानं पंजा पुढे करून दाखवला. पंजा स्थिर होता. “काय की बाबा. आता खताचं माप बी मी करत नाही. माळ्याला म्हणतो, तूच बग. माझं काय खरं नाही.”

चार वर्षं त्या पॉलीहाऊसचं खत तो मोजत होता. एका रेघेची चूक नाही.

मी तोंड उघडलं. अगदी उघडलं. आणि म्हटलं, “मामा, इथे चहा कुठे मिळतो?”

त्यानं स्वतः करून पाजला. साखर किती घालू, हे तीनदा विचारलं. निघताना वाकड्या दांड्याच्या गुलाबांचा एक भारा माझ्या दुचाकीला बांधून दिला. असली फुलं बाजारात चालत नाहीत, घरी न्या म्हणाला. मी ती तशीच घरी आणली. बायकोनं दार उघडलं, भाऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“अहो, काय करून आलात?”

“काही नाही. तळेगावला गेलो होतो.”

“वीस वर्षांत एक कळी आणली नाहीत,” ती म्हणाली. “एवढी फुलं म्हणजे चूकही तेवढीच असणार.” आणि बादली शोधायला आत गेली. बायकांना खगोल, भूगोल काही शिकवावं लागत नाही.

त्याला दोन वर्षं होतील. मध्ये मी तीनदा फोनवर आवाज भरला आणि पाठवायच्या आधी पुसला. एकदा मालकाला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, “तुमी आहात म्हणून नकाशा इतका बरोबर, राव,” आणि मी परत येऊन खुर्चीत बसलो. वाटायचं, आता सांगून काय होणार? यंत्र चाललंय, गुलाब ठीक आहेत, नकाशा सरळ आहे. एकाच माणसाचं काय ते वाकडं राहिलंय, आणि ते कुणाच्या तक्रारीत येत नाही.

मामा अजून तिथेच राखणदार आहे. खताच्या मापाला अजून माळ्याला हाक मारतो. त्याला वाटतं, दोन पावसाळे आपण चुकीचं मोजलं.

माझं त्याच्याकडे एवढं देणं आहे: त्याला निगडीच्या त्याच ऑफिसात बोलवायचं, मालक आणि ताई समोर असताना म्हणायचं की तुमचं माप पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, नकाशा मी वाकडा बसवला होता, आणि मला ते कळल्यावरही मी गप्प राहिलो. हे मी अजून दिलेलं नाही.